लोकनायक बापूजी अणे : सार्वजनिक जीवन आणि एका महाकाव्याची साधना

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला माधव श्रीहरी अणे हे नाव सामान्यतः एकाच ठिकाणी भेटते आणि ते म्हणजे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या नामावलीत. १९२८ साली ग्वाल्हेर येथे भरलेल्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याआधीच्या वर्षी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि त्यानंतरच्या वर्षी शिवराम महादेव परांजपे या पदावर होते. या दोन ललितलेखकांच्या मध्ये वऱ्हाडातील एका राजकीय पुढाऱ्याचे नाव वाचून विद्यार्थी क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला अणे वेगळ्या रूपात भेटतात. जंगल सत्याग्रहाचे प्रणेते, काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, बिहारचे राज्यपाल अशी ती ओळख आहे. संस्कृतच्या अभ्यासकाला ते ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या महाकाव्याचे कर्ते म्हणून ठाऊक असतात. एकाच माणसाच्या या तीन ओळखी विद्यापीठातील तीन विभागांच्या तीन कपाटांत बंद होऊन पडल्या आहेत. त्यामुळे एक प्रश्न विचारलाच गेला नाही. ज्याने पन्नास वर्षे सार्वजनिक कार्याला दिली, त्याने आपल्या उतारवयातील उरलेली शक्ती सुमारे बारा हजार संस्कृत श्लोकांवर का खर्च केली? प्रस्तुत लेखात त्यांचा जीवनक्रम या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव त्या वेळी एका जिल्ह्याला आपले नाव देऊन बसले होते. १९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मालकीचे, परंतु इंग्रजांच्या ताब्यात असलेले, असे दुहेरी अंमलाखालचे होते. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. अण्यांच्या बाबतीत संस्कृत ही शाळेत भेटलेली भाषा नव्हती, ती त्याआधीच कानावर पडलेली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवली पाहिजे. वऱ्हाडात त्या काळी उच्च शिक्षणाची सोय नसल्यामुळे मुलांना नागपूर गाठावे लागे. अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९०२ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी अमरावतीच्या काशीबाई खासगी शाळेत अध्यापन केले आणि १९०७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवली.

अमरावतीतील ही तीन-चार वर्षे बंगालच्या फाळणीची, स्वदेशीची आणि बहिष्काराची होती. दादासाहेब खापर्डे यांच्यामुळे अमरावती हे टिळक पक्षाचे वऱ्हाडातील ठाणे बनले होते. तेथे वावरणारा विशीतला शिक्षक टिळकांकडे ओढला जाणे स्वाभाविकच होते. अण्यांचे वेगळेपण असे की ही ओढ वयानुसार ओसरली नाही. पुढे गांधीयुग आले, त्यात त्यांनी मोठी पदे भूषविली, गांधीजींविषयी त्यांना नितांत आदर होता. तरीही आपल्या राजकीय जीवनाचे गोत्र त्यांनी अखेरपर्यंत टिळकांचेच सांगितले.

१९०८ मध्ये त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. यवतमाळ हे त्या वेळी कापसाचे, कचेऱ्यांचे आणि मूर्तिजापूरहून येणाऱ्या अरुंद लोहमार्गाचे गाव होते. ‘हरिकिशोर’ हे राष्ट्रीय मताचे साप्ताहिक येथूनच निघे. अण्यांचा त्याच्याशी संबंध होता. १९१८-१९ च्या सुमारास यवतमाळहून निघालेल्या ‘लोकमत’ या साप्ताहिकामागेही त्यांचा पुढाकार होता. (हेच नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी स्वीकारले आणि १९७१ मध्ये त्याचे नागपुरातून दैनिक झाले. आजच्या वाचकाला हे नाव परिचित आहे, पण त्याचा यवतमाळशी असलेला संबंध क्वचितच आठवतो.) वकिली, वृत्तपत्र आणि होमरूल लीगचे कार्य अशी तिहेरी ओढाताण या काळात सुरू झाली आणि पुढील चार दशके ती थांबली नाही.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. त्यांच्या अनुयायांपुढे तेव्हा जो पेच उभा राहिला तो केवळ धोरणाचा नव्हता. नव्या नेतृत्वाचा मार्ग पूर्णपणे पटत नसताना त्या चळवळीबाहेर राहावे की आत राहून आपले मत मांडीत राहावे, असा तो होता. अण्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९२१ ते १९३० या काळात ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. कायदेमंडळावरील बहिष्कार त्यांना मान्य नसल्यामुळे ते स्वराज्य पक्षातर्फे मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि १९२६ मध्ये जयकर, केळकर व मुंजे यांच्यासह प्रतियोगी सहकारितेच्या पक्षात सामील झाले. १९२८ साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करण्यासाठी मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिचे अणे सभासद होते. तेजबहादूर सप्रू, अली इमाम, सुभाषचंद्र बोस आदींच्या बरोबरीने त्या अहवालावर त्यांची सही आहे. त्याच वर्षी ते ग्वाल्हेरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान त्या काळी प्रकांड व्यासंगालाही मिळे, केवळ ललितकृतींनाच नव्हे, हे मान्य केले तरी अण्यांच्या नावावर तोवर एकही मोठा ग्रंथ नव्हता ही वस्तुस्थिती उरते. त्यांचे मराठी लेखन विखुरलेले होते. लेख, भाषणे, इतरांच्या ग्रंथांना लिहिलेल्या प्रस्तावना असे त्याचे स्वरूप होते. त्यातील काही ‘अक्षर माधव’ या संग्रहात एकत्र आले. मागणी आली की लिहावयाचे, ही सार्वजनिक माणसाची लेखनपद्धती होय. ती विनम्र असते, उपयुक्त असते, आणि बहुधा ग्रंथाला मारक ठरते.

१९३० च्या कायदेभंगात वऱ्हाडापुढे एक व्यावहारिक अडचण होती. समुद्र शेकडो मैल दूर असताना मिठाचा कायदा मोडण्याला प्रतीकापलीकडे फारसा अर्थ नव्हता. उलट जंगलचे कायदे हा येथील शेतकऱ्याचा व आदिवासींचा रोजचा जाच होता. गवत, चराई, सरपण यांसाठी सरकारी परवान्याची वाट पाहावी लागे. १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसद भागात राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रहाला प्रारंभ केला आणि त्यांना अटक झाली. पन्नाशीला टेकलेल्या, कायदेमंडळात मुरलेल्या वकिलाने हातात विळा घेतला. या कृतीची कल्पकता आजही पुरेशी जाणली गेलेली नाही. मध्यवर्ती चळवळीची नक्कल न करता स्थानिक दुखण्यातून तिचा वऱ्हाडी अवतार घडविणे ही निर्मितिशील बुद्धीचीच खूण आहे. कवी म्हणून त्यांचा विचार करताना पुसदची ती घटना वगळू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

यानंतरच्या काळात अण्यांच्या वाट्याला वारंवार मध्यस्थाची भूमिका आली. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमधील सुभाषचंद्र बोस आणि जे. एम. सेनगुप्त यांच्या गटांतील वाद मिटविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. दोन्ही बाजूंना त्यांच्या निःपक्षपातीपणाचा विश्वास वाटला, यातच त्यांच्या स्वभावाची कल्पना येते. १९३३ मध्ये काँग्रेसचे प्रभारी अध्यक्ष म्हणून सामुदायिक कायदेभंग स्थगित करून वैयक्तिक सत्याग्रहाला वाट करून देण्याचे अप्रिय काम त्यांनाच करावे लागले. पुढील वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने घेतलेली तटस्थ भूमिका त्यांना पटली नाही. पंडित मदनमोहन मालवीय यांच्याबरोबर ते कार्यकारिणीतून बाहेर पडले आणि दोघांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष स्थापन केला. ज्या संघटनेचे आपण वर्षापूर्वी नेतृत्व केले तिच्यातून मतभेदामुळे बाहेर पडणे, आणि बाहेर पडूनही कडवटपणा येऊ न देणे, हे साधणारे पुढारी तेव्हाही थोडेच होते.

१९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे आले. काँग्रेस सत्तेबाहेर असताना हे पद घेणे अनेकांना रुचले नाही आणि या निर्णयाचे संपूर्ण समर्थन करणे आजही कठीण आहे. प्रतियोगी सहकारितेच्या जुन्या तत्त्वात त्याचे मूळ होते एवढे म्हणता येईल. परंतु त्या सहकाराची मर्यादा अण्यांच्या मनात स्पष्ट होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले आणि त्यांची सुटका करण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह अण्यांनी राजीनामा दिला. खुर्चीवर केव्हा बसावे याविषयी त्यांच्याशी वाद घालता येईल. तीवरून केव्हा उठावे हे मात्र त्यांना नेमके कळत असे.

त्यानंतर १९४३ ते १९४७ ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते, मग संविधान सभेचे सभासद झाले, आणि जानेवारी १९४८ ते जून १९५२ बिहारचे राज्यपाल. या पदांचा तपशील देण्याचे हे स्थळ नव्हे. वाङ्मयदृष्ट्या एक गोष्ट महत्त्वाची वाटते. जवळजवळ दहा वर्षे अणे अशा प्रदेशांत राहिले, जेथे मराठीचा व्यवहारात उपयोग नव्हता. सिंहली-तमिळ भाषिक सिलोन आणि हिंदी, मैथिली, भोजपुरीचा बिहार. मिथिलेत पंडितपरंपरा जिवंत होती. दरभंग्याची संस्कृत संशोधनसंस्था त्यांच्या कारकीर्दीतच, १९५१ मध्ये, अस्तित्वात आली. अशा वातावरणात संस्कृत ही मृत भाषा नसून विद्वानांच्या देवघेवीचे साधन आहे हा लहानपणापासूनचा संस्कार दृढ झाला असणे शक्य आहे. हे अनुमान आहे. पण त्यांच्या पुढील निवडीवर त्यामुळे काही प्रकाश पडतो.

राज्यपालपदावरून उतरले तेव्हा ते बहात्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते? पहिला, आत्मचरित्राचा. टिळक, गांधी, मालवीय, मोतीलाल नेहरू, सुभाषचंद्र या सर्वांबरोबर काम केलेल्या माणसाची आठवणींची शिदोरी केवढी असेल! मराठीत राजकीय आत्मचरित्राला वाचक होता, प्रकाशक होता आणि ते लिहिणे तुलनेने सोपेही होते. दुसरा मार्ग वेगळ्या विदर्भाच्या चळवळीचा. राज्य पुनर्रचनेचा प्रश्न ऐरणीवर असताना विदर्भवाद्यांना त्यांच्याइतका वडीलधारा नेता दुसरा नव्हता, आणि ते काम त्यांनी टाळलेही नाही. १९५९ च्या पोटनिवडणुकीत ते नागपूरमधून लोकसभेवर गेले आणि १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले. तिसरा मार्ग संस्कृत महाकाव्याचा. यांपैकी पहिला मार्ग त्यांनी वगळला. स्वतःच्या जीवनाची कथा सांगण्याऐवजी आपल्या गुरूच्या जीवनाची कथा सांगणे त्यांनी पसंत केले, आणि त्यासाठी असे माध्यम निवडले की ज्यात घाई चालत नाही.

‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. नावाला साजेल अशीच त्याची रचना सर्गांऐवजी तरंगांत आहे. तरंग पंच्याऐंशी, खंड तीन आणि श्लोक बारा हजारांच्या घरात. वाल्मीकिरामायण चोवीस हजार श्लोकांचे मानले जाते. म्हणजे विस्ताराने हे काव्य त्याच्या निम्म्याला पोहोचते. दररोज चार श्लोक निर्वेधपणे रचले जातील असे धरले, तरी तीन हजार दिवस लागतील. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने, लोकसभेचे काम सांभाळीत, आठ वर्षांहून अधिक काळाचा हिशेब पुरा करणे म्हणजे काय हे ज्याने प्रबंधाचे एक प्रकरण तीन वर्षे लांबविले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

विषयही सोपा नव्हता. प्राचीन महाकाव्याला राजा हा नायक लागतो, युद्ध लागते, ऋतुवर्णन लागते. टिळकांच्या चरित्रात आहेत वृत्तपत्राचे अग्रलेख, राजद्रोहाचे खटले, प्लेग, दुष्काळ, काँग्रेसची अधिवेशने, सुरतेची फूट, मंडालेचा तुरुंग. यांतील बहुतेक गोष्टींना पारंपरिक काव्यभाषेत नाव नाही. ज्यूरी, वटहुकूम, अधिवेशनाचा ठराव यांना छंदात बसविताना कवीला प्रत्येक पावलावर शब्द घडवावा लागतो. आधुनिक विषयावरील संस्कृत काव्याची परंपरा तेव्हा अगदीच नवी नव्हती. पंडिता क्षमाराव यांची ‘सत्याग्रहगीता’ १९३२ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली होती. परंतु गांधींच्या सत्याग्रहाचे आख्यान मर्यादित आकारात सांगणे आणि टिळकांचे चौसष्ट वर्षांचे आयुष्य त्याच्या राजकीय पार्श्वभूमीसह बारा हजार श्लोकांत मांडणे यांत प्रमाणाचा मोठा फरक आहे.

मग संस्कृतच का? याचे एक उत्तर मराठी टिळकचरित्राच्या इतिहासातच सापडते. न. चिं. केळकरांचे त्रिखंडात्मक चरित्र १९२३ ते १९२८ या काळात पूर्ण झाले होते. स. वि. बापट यांनी संकलित केलेल्या आठवणी व आख्यायिकांचे खंडही त्याच सुमाराचे. केळकर टिळकांचे सहकारी आणि ‘केसरी’चे संपादक. त्यांच्या गद्य चरित्रापुढे दुसरे गद्य चरित्र उभे करण्यात अण्यांना स्वारस्य वाटले नसावे. मराठी गद्याने टिळकांचे चरित्र लिहिले होते. अण्यांना त्यांचे आख्यान करावयाचे होते. दुसरे उत्तर वाचकवर्गाचे. टिळकांना महाराष्ट्राबाहेर, काशी-मिथिलेपासून दक्षिणेपर्यंतच्या पंडितवर्गापुढे, त्यांच्याच भाषेत उभे करण्याची आकांक्षा या निवडीत दिसते.

येथे एक विसंगती नोंदविल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) आणि ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ (१९०३) हे संशोधनग्रंथ इंग्रजीत लिहिले, कारण त्यांचा वाद युरोपीय पंडितांशी होता. मंडालेत मात्र त्यांनी ‘गीतारहस्य’ मराठीत लिहिले. गीतेवरचे भाष्य संस्कृतात लिहिण्याची परंपरा होती, त्यांचा अधिकारही होता. तरी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ मराठी वाचकाच्या हाती पडावा असे त्यांनी ठरविले. ज्या गुरूने आपली सर्वांत मोठी बौद्धिक शक्ती मराठीवर खर्च केली, त्या गुरूचे यश गाण्यासाठी शिष्याने मराठी बाजूला ठेवली. याचे मोल अण्यांनी चुकविले आहे. मराठीच्या अभ्यासक्रमांत या काव्याला जागा नाही आणि टिळकवाङ्मयाच्या चर्चेत त्याचा उल्लेख एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच जातो. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड चुकीचीच म्हणावी लागेल. परंतु अण्यांनी ती अजाणतेपणे केली असे मानणे कठीण आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्कृत महाकाव्याला किती वाचक मिळतील हे निवडणुका लढविलेल्या माणसाला कळत नव्हते काय? आयुष्यभर त्यांनी लोकांच्या मागणीनुसार शक्ती वाटली होती. कोठे मध्यस्थ हवा म्हणून, कोठे अध्यक्ष हवा म्हणून, कोठे प्रस्तावना हवी म्हणून. हे एकच काम असे होते की ज्याची मागणी कोणी केली नव्हती.

याच यवतमाळ गावात निवडीचा दुसरा आदर्शही होता. यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रम ही संस्था उभारली, महानुभावांच्या पोथ्या मिळवून त्यांतील सांकेतिक लिपीचे वाचन केले आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी आपले क्षेत्र लवकर निश्चित केले आणि त्याची फळे मराठी वाङ्मयेतिहासाला तत्काळ मिळाली. महानुभाव वाङ्मयाचा कोणताही अभ्यासक आजही त्यांच्या ऋणात आहे. अण्यांना असे एकमार्गी आयुष्य लाभले नाही, आणि त्यांनी ते मागितलेही नाही. देशपांडे यांच्यापुढे पोथ्यांचा ढीग होता व तो संपविण्यासाठी आयुष्य अपुरे होते. अण्यांपुढे माणसांचा ढीग होता. अशा दोघांची तुलना करून एकाला उजवे ठरविण्यात अर्थ नाही. एवढे मात्र खरे की अण्यांच्या बहुविध धावपळीने त्यांच्या मराठी लेखनाला ग्रंथरूप येऊ दिले नाही. विदर्भाच्या मराठी गद्याचे त्यात काही प्रमाणात नुकसान झाले.

अण्यांचे निधन २६ जानेवारी १९६८ रोजी झाले. त्याच वर्षीच्या सन्मानितांत पद्मविभूषण म्हणून त्यांचे नाव होते. महाकाव्याचे खंड मात्र त्यांच्या पश्चात छापून झाले. १९७३ मध्ये साहित्य अकादमीने संस्कृत विभागाचा पुरस्कार या काव्याला दिला, तेव्हा तो स्वीकारण्यास कवी हयात नव्हता. त्याच १९७३ साली मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, ज्यांनी रामकथेला मराठी गीतांच्या रूपाने घराघरांत पोहोचविले होते. आज यवतमाळचे महिला महाविद्यालय बापूजी अण्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यांच्या जन्मगावी, वणीत, जे महाविद्यालय आहे ते लोकमान्य टिळकांच्या नावाचे आहे. केळकरांचे तीन खंड आणि अण्यांचे तीन खंड शेजारी ठेवून, सुरतेची फूट किंवा १९०८ चा खटला अशा एकेका प्रसंगाचे गद्य व पद्य रूप ताडून पाहण्याचे काम मराठी व संस्कृत या दोन्ही विभागांतील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखे आहे.